दिवाळीला क्यान आनू नका

तात्यांनी मला पयल्यांदा 'गुलाबराव' अशी हाक मारली, तवा मी मागं वळून बघितलं, आपल्या मागं कोन मोठा मानूस येऊन हुभा ऱ्हायला म्हनून. मागं आमची शेळी व्हती. तवर गावात मला कुनी राव लावलेलं नव्हतं. थोरली मानसं गुल्या म्हनायची, बायको काहीच म्हनायची न्हाई, नुसती भांडं आपटायची, आन सरपंच लांबनं शिट्टी मारायचे. त्यामुळं गुलाबराव म्हंजी आपनच, ह्ये कळायला मला जरा येळ लागला.

तात्यांची ती सवयच व्हती. ल्हान पोरगं असू दे न्हाईतर भंगार गोळा करनारा, तात्या पुरं नाव घ्यायचे, राव न्हाईतर बाई लावून. सगळी नोकरी त्यांनी टपाल वाटलं. आधी जुन्नर तालुक्यात वारूळवाडीच्या बाजूला, मंग आमच्या आंबेगावच्या भागात. मी येकदा इचारलं, "तात्या, त्या शेंबड्याला कशापायी राव लावता?" तर म्हनले, "गुलाबराव, आजवर लई पाकिटं बघितली. पाकिटावर कुनी कुनाला 'ए' असं लिवत न्हाई."

ह्ये मी बोलतोय आन सून लिवून घेतीया. मला लिवता येत न्हाई. साळंत मी दोनदाच गेलो, येकदा नाव घालायला आन येकदा काढायला.

तात्यांचं नाव सोनबा. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतले. त्यांच्या बापानं छप्पन सालानंतर धम्म घेतला तवा तात्यांना मिसरूड फुटत व्हतं. पुढं खाकी कपडे घालून सायकलीवर आमच्या दारात यायचे. आमच्या घरात वाचनारं कुनी न्हाई, म्हनून टपाल तात्याच वाचून दाखवायचे, अंगनात हुभं ऱ्हाऊन. वाचून घसा कोरडा पडला की आमची आई पानी द्यायची, पन वरनं ओंजळीत वतायची. मामा वारल्याचं, आक्काला पोरगं झाल्याचं, सगळं आमी त्या मानसाच्या तोंडनं ऐकलं आन तांब्या काय त्याच्या हातात दिला न्हाई. ह्यात माझी हुशारी अशी, की मला ते कधी इचित्र वाटलंच न्हाई.

आता माझं काम सांगतो. मी ग्रामपंचायतीचा पानीवाला. नदीकाठच्या विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची, गल्लीगल्लीचा व्हॉल्व्ह सोडायचा आन विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची. नाव गुलाब, पन अंगाला कायम पावडरीचा वास. लग्नात माझ्या शेजारी बसलेली मानसं दोन घास खाऊन जागा बदलायची.

आमची विहीर नदीच्या बंधाऱ्याला खेटून हाय. बंधाऱ्यात पानी अडलं की ते पाझरून विहिरीत येतं. वरच्या अंगाला दोन-अडीच कोसावर बाजाराचं मोठं गाव हाय. त्याचं नाव घेत न्हाई, माझी बहीन तिथं दिलीया आन मला अजून तिच्याकडं जेवायला जायचं असतं. नव्वद सालाच्या पुढं ते गाव फुगलं. कॉलन्या झाल्या, घरटी संडास झाले. चांगलंच झालं. पन त्या समद्याचं पानी उघड्या गटारीनं नदीत. धरनातनं पानी सोडलं की वाहून जायचं, सोडायचं बंद झालं की आमच्या बंधाऱ्यात साठायचं. जलपर्नी येवढी माजली की बगळे चालत पलीकडं जायचे.

वास यायला लागला की मी जास्त पावडर टाकायचो. मला तेवढंच येत व्हतं. येकदा येवढी टाकली की अख्ख्या गावाचा च्या बिघडला आन सरपंचांच्या मंडळींचं नवं लुगडं धुन्यात फिकं पडलं. तवापासनं गावाचं पक्कं मत, पानी गुलाब नासवतो. बाया नळावर माझ्या नावानं बोटं मोडायच्या. मी म्हनायचो, मोडा, तेवढाच व्यायाम.

तात्या रिटायर झाले आन रोज सकाळी बंधाऱ्यावर येऊन बसायला लागले. हातात जुनी डायरी. पान्याचा रंग बघायचे, लिवायचे. वासाचं मातूर त्यांना जमंना, टपालाच्या लाखेनं म्हने नाक मेलं व्हतं. मंग मला इचारायचे, "गुलाबराव, आज काय?"

मी वाकून वास घ्यायचो आन सांगायचो. "आज वरच्या गावात धुनं लई झालंय, सोडा मारतोय." न्हाईतर, "काल कुनाचं तरी लगीन व्हतं, तेलाचा तवंग हाय." बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येगळा, सनाला येगळा. बसल्या जागी त्या गावात काय चाललंय ते मी सांगायचो, आन तात्या माझं नाव घालून लिवायचे. 'गुलाबराव यांच्या मते सोडा.' माझं मत कुनी लिवून घेतंय ह्याचंच मला येवढं कौतिक, की मी येक दिवस घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हनली, "आता तुमच्या नाकाला पगार मागा."

पन हसायचं दिवस लई टिकलं न्हाईत. येका उन्हाळ्यात गावात घरोघर कावीळ झाली. आन त्याच साली बातमी आली, वरच्या गावाला भुयारी गटार मंजूर झाली. सगळी कॉलनी येका मोठ्या पाइपाला जोडायची आन पाइपाचं तोंड नदीत सोडायचं, आमच्या बंधाऱ्याच्या बरोबर वर. खर्च कमी, उतार चांगला. तोंड तिथं पडलं की आमची विहीर संपली. दुसरी खांदायला ना जागा ना झरा. गावाची पोरं म्हनली, आपन जाऊन पाइपच फोडू. सरपंच म्हनले, मोर्चा काढू. तात्या म्हनले, "फोडलेला पाइप परत जोडतेत. आधी पानी तपासून कागद करा."

कागदाचा मान तात्यांना लई. त्यांनी तालुक्याला चार खेपा घालून आरोग्य खात्याची बाटली आनली. बाटलीत विहिरीचं पानी भरून द्यायचं, ते प्रयोगशाळंत जानार, रिपोर्ट येनार, तो रिपोर्ट दाखवून पाइप आडवायचा. बाटली भरायचं काम कुनाचं? पानीवाल्याचं.

तर मी काय केलं ते ऐका. मी विहिरीतनं पानी काढलं. त्याला वास येत व्हता, वर केसाळ काहीतरी तरंगत व्हतं. माझ्या मनात आलं, ही बाटली आता तालुक्याच्या ऑफिसात टेबलावर ठिवनार. वर चिठ्ठी लावनार, त्यावर आपल्या गावाचं नाव. साहेब लोक नाकाला रुमाल लावनार आन म्हननार, ह्या गावचा पानीवाला कोन रं? पोरगी बघायला पावणं आल्यावर आपन फुटका कप फुडं करतो का? मी बाटली रांगोळी लावून दोनदा घासली आन सरपंचांच्या मळ्यातल्या बोअरचं पानी भरून दिली. वरनं येवढा खूश, की घरी जाताना गानं म्हनत गेलो.

पंधरा दिसांनी रिपोर्ट आला. पिन्यास योग्य.

त्या रिपोर्टाच्या झेरॉक्सा वरच्या गावातल्या लोकांनी अशा वाटल्या जनू लग्नाच्या पत्रिका. पंचायतीच्या फळ्यावर लावली, येसटी स्टँडावर लावली. म्हनायला लागले, बघा, खालचं गाव उगा बोंबलतंय, त्यांचं पानी आपल्यापरीस चांगलं हाय.

तात्या विहिरीवर आले. सायकल लावली. पायरीवर बसले. मी व्हॉल्व्हचं चाक पुसत व्हतो, पुसल्यालंच परत पुसत व्हतो.

"गुलाबराव, बाटली कुठं भरली?"

"विहिरीवर, तात्या."

"कुनाच्या?"

मी फडकं खाली ठिवलं. मंग सगळं सांगितलं, रांगोळीसकट. मला वाटलं आता ह्यो मानूस मला विहिरीत ढकलनार, आन मला पवायबी येत न्हाई. पानीवाल्याला पवता येत न्हाई ह्ये गावाला अजून ठावं न्हाई, सूनबाई, ह्ये लिवू नको. तर तात्यांनी खिशातली डायरी काढली आन न उघडताच परत ठिवली. मंग म्हनले, "दोनदा घासली?"

"दोनदा."

"गावाची लाज राखायला गेला तुमी आन विहीर घालवली." आवाज चढला न्हाई. "आता नवी बाटली कुनी देनार न्हाई. आता ह्ये तुमी मला सांगितलं तसंच दुसऱ्यांना सांगायचं. मी नेईन तिथं. रांगोळीबी सांगायची."

दुसऱ्याच दिवशी आमी निघालो. तात्या सायकलीवर, मी सरपंचांच्या पोराची लूना घेऊन, तात्यांच्या चालीनं. वाटंत मला लई राग आला व्हता, चूक माझी असली म्हंजी मला दुसऱ्याचा लई राग येतो. मी म्हनलो, "तात्या, ही वरची लोकं मानसं हायत का? खाली कुनी पानी पितंय ह्ये त्यांना दिसत न्हाई?"

तात्यांनी सायकल थांबवली. "तुमची येक म्हैस व्हती. बांडी. येक शिंग मोडकं."

"व्हती की. तुमाला कसं ठावं?"

"तुमी धा-बारा वर्सांचे असाल. तिला वरच्या घाटावर धुवायचा. त्याच्या खाली धुन्याचा घाट, आन त्याच्या खाली आमचा. मी घागर घेऊन हुभा असायचो, पानी निवळायची वाट बघत. तुमी म्हशीवर बसून गानं म्हनायचा." सायकलीची घंटी अंगठ्यानं पुसली. "गानं काय चांगलं नव्हतं."

 लूना बंद पडली. ती मी पाडली का आपली आपन पडली, ते मला आजबी सांगता येनार न्हाई.

"तात्या, आरडायचं व्हतं की. मी उठलो असतो."

"उठला नसता. आन तुमचा आजा काठी घेऊन काठावरच असायचा." मंग म्हनले, "रागानं न्हाई सांगत. तुमी काय वाईट पोरगं नव्हता. वर बसलेल्याला खालचा दिसत न्हाई, आन त्याचं तोंडबी तिकडं नसतं. आता सगळं गावच आमच्या घाटावर आलंय. मला ह्या घाटाची सवय हाय, म्हनून मी फुडं चाललोय, येवढंच. चला, लूना चालू करा."

तात्या कुठं चालले व्हते? पंचायतीत न्हाई, पुढाऱ्याकडं न्हाई. आमच्या गावच्या ज्या ज्या ल्येकी वरच्या गावात दिल्यात, त्यांच्या घरी. चाळीसेक घरं असतील, सगळ्या जातीची. यादी कागदावर नव्हती. ह्या समद्या पोरींची माहेराला धाडलेली पत्रं तात्यांनीच वाटली व्हती, आन निम्म्या घरात वाचूनबी दाखवली व्हती. कुनाला सासू छळती, कुनाला पोर व्हत न्हाई, कुनाची माहेरच्या चिचेखाली बसायची विच्छा हाय, ह्ये त्यांना घरच्यांच्या आधी ठावं.

पयलं घर माझ्या आक्काचं. आक्का म्हनली, "या तात्या, आत या. ह्यो कशाला आलाय?" ह्यो म्हंजी मी. तिनं तात्यांना सैपाकघरात पाट दिला आन पान्याचा तांब्या हातात दिला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी भितीकडं बघितलं. आमच्या आईच्या हाताखाली वाढलेली पोरगी ती, आन मी बी.

तात्या म्हनले, "गुलाबराव, सांगा."

मी सांगितलं. रांगोळी आली तशी आक्का हसायला लागली, बोअरचं पानी आलं तवा पदर तोंडाला लावला. मागच्या दारातनं जाऊ आली, शेजारीन आली, तिच्यासाठी मला परत पयल्यापासनं सांगावं लागलं. आयुष्यात मी कुनाला येवढं हसवलं नव्हतं. समद्या हसून दमल्या तवा तात्यांनी तांब्या खाली ठिवला.

"आक्काबाई, पानी गोड हाय. माझं येवढंच मागनं हाय, येत्या दिवाळीला क्यान आनू नका."

आक्काचं हसू जागच्या जागी थांबलं.

ह्या क्यानचं सांगायचं ऱ्हायलं. आमच्या ल्येकी दिवाळीला, पंचमीला माहेराला यायच्या तवा येका हातात कपड्याची पिशवी आन दुसऱ्या हातात पाच लिटरचा क्यान. तेलाचा रिकामा क्यान घासून त्यात सासरचं पानी भरून आनायच्या. पोरांना इथलं बाधतं म्हनून. आईनं पुढं केलेला तांब्या बाजूला सरकवायच्या आन क्यानातलं प्यायच्या. आया काही बोलायच्या न्हाईत. आमची आई मरायच्या आधीच्या दिवाळीला आक्काला म्हनली व्हती, "बाई, मी काय इख दिऊ का तुला?" ते आमाला सगळ्यांना ठावं व्हतं, पन कुनी तोंडानं काढलं नव्हतं.

आक्का म्हनली, "तात्या, माझ्या आनायच्या न आनायच्यावर काय हाय?"

"तुमच्या मोरीचं पानी कुठं जातं?"

"गटारीला."

"आन गटार?"

आक्कानं मोरीकडं बघितलं. तिकडनं दाजी आले, माझे मेहुणे, टॉवेलला हात पुसत. म्हनले, "तात्या, वाहतं पानी हाय, त्याला काय हुतंय. शेवटी सगळं समुद्राला मिळतंय."

"मिळतंय की," तात्या म्हनले. "समुद्र लांब हाय दाजीसाहेब, मधी आमची विहीर हाय."

मीबी तात्यांची बाजू घ्यायला म्हनून म्हनलो, "न्हाईतर काय, मुंबई किती लांब." तात्या हळूच म्हनले, "गुलाबराव, ही नदी मुंबईला जात न्हाई, उलट्या अंगाला जाती. भीमेला मिळती, भीमा कृष्णेला, तिथनं पार आंध्रात." पन्नास वर्सं मी त्या नदीकाठी काढली आन ती कुठं निघालीया ते मी इचारलं नव्हतं. मला वाटायचं समुद्र म्हंजी मुंबई, दुसरा कशाला असंल.

असं घर घर चाललं. दोन म्हैने. मी माझी फजिती सांगायची, बाया हसायच्या, आन त्या हसन्याच्या शेवटाला तात्या क्यानचं म्हनायचे. कवा दोन वाक्यांपरीस जास्त न्हाई. पाइप कुठं न्यायचा तेबी त्यांनी ठरवलेलं व्हतं. वरच्या गावाच्या खालच्या अंगाला त्यांचंच गायरान हाय, तिथवर पाइप न्यायचा, टाक्या करायच्या, घान बसंल, निवळलेलं पानी गवताला. इंजिनेरला इचारून आलेले, त्याला म्हने खर्च वाढतोय पन व्हनार न्हाई असं न्हाई. येका घरी सासूनं तात्यांना वट्याच्या वर येऊ दिलं न्हाई. तात्या वट्यावर बसले आन तेच बोलले, तेवढ्याच आवाजात. बाहेर आल्यावर मला म्हनले, "ह्या घरची सून येईल बगा." मी म्हनलो, "कशावरनं?" "आपन जाताना तिनं खिडकी लावली न्हाई."

येका घरी मातूर तात्या गेले न्हाईत. त्यांची स्वताची ल्येक सुमन त्याच गावात दिलेली. जावई त्या पाइपाच्या ठेकेदाराकडं मुकादम. नवी नोकरी, नवं घर. सायकल त्या गल्लीच्या तोंडाला आली की तात्या सरळ म्होरं जायचे. मी येकदा म्हनलो, "तात्या, सुमनकडं?" म्हनले, "तिथं न्हाई." पुढं काही इचारायची सोय नव्हती. पन मला कळत व्हतं. पाइप आडवला तर जावयाचा ठेकेदार चिडनार, न आडवला तर विहीर जानार, आन दोन्हीकडनं तात्यांच्याच घरात खडा पडनार.

मंग वरच्या गावाची गावसभा लागली. पाइपाचा ठराव मंजूर करून घ्यायचा व्हता. आमाला मत न्हाई, आमी मागं भितीला टेकून हुभे. त्या गावच्या सभंला बाया यायच्या न्हाईत, आल्या तर दोन-चार, सही करून जायच्या. त्या दिवशी यायला लागल्या. आक्का आली. तिच्या हातात रिकामा क्यान. तिच्या जावंच्या हातात न्हाई, ती त्याच गावची. पन मंग दुसरी क्यान घेऊन आली, तिसरी आली. तात्यांना वट्यावर बसवलेल्या त्या घरची सून आली, तिच्या कडंवर पोर आन बोटाला क्यान. खरं सांगतो, ह्ये तात्यांनी सांगितलेलं नव्हतं. तात्या माझ्याकडं बघायला लागले, मी तात्यांकडं. आमाला दोघांना वाटलं दुसऱ्यानं सांगितलं. बायांचं आपसात पानवठ्यावर ठरलं व्हतं.

त्यांचे सरपंच म्हनले, "बायांनो, राकेल आज नाय वाटायचं."

सभा हसली. आक्का उठली. आमची आक्का कधी चारचौघात बोललेली न्हाई, घरात मला बोलती तेवढंच. ती म्हनली, "भाऊ, राकेलाला न्हाई आलो. माहेराला जाताना ह्यात पानी भरून न्यावं लागतं. का, तर इथनं आमीच तिकडं घान सोडतो. आता तुमी पाइप घालनार. मंग क्यान न्यायचा का टँकर न्यायचा, तेवढं इचारायला आलो."

कुनीतरी मागनं म्हनलं, "खालच्या गावचा रिपोर्ट चांगला आलाय की. पिन्यास योग्य."

सगळ्या बाया वळून माझ्याकडं बघायला लागल्या आन हसायला लागल्या. आक्का म्हनली, "तो बघा, भितीला टेकलाय. तो रिपोर्ट त्यानं घासलाय. ये रं, सांग." मला फुडं ढकललं. मी तिथं, भर सभंत, दुसऱ्या गावच्या सरपंचाम्होरं, बाटली कशी घासली ते सांगितलं.  गडी मानसंबी हसली. कोन तरी म्हनलं, "ह्यो बेनं खरं बोलतंय." माझ्या जन्मात मला मिळालेलं तेवढंच सर्टिफिकेट.

हात मोजले. पाइप गायरानाला न्यायच्या बाजूनं बायांचे हात आले, मंग बायांकडं बघत दाजीचा आला, मंग आनखी गड्यांचे आले. त्यांच्या सरपंचांनी दोनदा मोजलं. ठराव फिरला.

सुमन सभंला आली व्हती. कोपऱ्यात बसली व्हती, मांडीवर हात ठिवून. तिनं हात वर केला न्हाई. मी तात्यांकडं बघितलं, तात्यांनी बघितलं व्हतं.

सभा सुटल्यावर तात्यांनी सायकल घेतली आन पयल्यांदा त्या गल्लीत वळवली. मी मागं. सुमन दारातच व्हती, रडून डोळं लाल. म्हनली, "बाबा, मी हात वर केला न्हाई."

"मी तुझा हात धरलाच नव्हता हिशोबात."

"यांची नोकरी..."

"तुला ह्या घरात नांदायचंय, बाई. मी इचारलं असतं तर तू केला असता, म्हनून तर आलो न्हाई. च्या ठेव. गुलाबरावांना साखर जास्त लागती."

ती आत गेली. तात्यांनी चष्मा काढला आन सदऱ्याच्या टोकानं पुसला, लई येळ पुसला. मी म्हनलो, "तात्या, साखर मला जास्त लागती ह्ये खरं हाय, पन तुमी भर दारात सांगायची गरज नव्हती." तवा हसले. आन गंमत बघा, पाइप लांब झाला म्हंजी खोदाई वाढली. जावयाला त्याच ठेकेदाराकडं आनखी काम मिळालं.

सगळं काही लगेच झालं न्हाई. टाक्या बांधायला दोन वर्सं गेली, येक तर पयल्याच पावसाळ्यात गळायला लागली, मंग तात्या परत जाऊन बसले, मी परत बाटलीची गोष्ट सांगितली. पन विहीर हळूहळू सुधारली. मला नाकानं कळलं, आधी मलाच. पावडर अर्ध्यावर आनली. त्या दिवाळीला आक्का येसटीतनं उतरली, येका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं नातवाचं बखोट धरलेलं. घरात आली आन माझ्या बायकोनं दिलेला तांब्या गटागटा पिली. म्हनली, "पावडर लागती रं थोडी." मी म्हनलो, "तेवढी ठिवलीया, मला वळखशील म्हनून."

गावानं तात्यांचा सत्कार ठिवला. शाल, नारळ, पारावर माईक. आमचे सरपंच लई चांगलं बोलले, वरच्या गावची खोड कशी मोडली ते सांगितलं. टाळ्या पडल्या. मंग तात्यांना बोला म्हनले. तात्यांनी समद्यांची नावं घेतली, राव आन बाई लावून, त्यात बराच येळ गेला. शेवटी म्हनले, "आपल्या गावची गटार वढ्यात जाती. वढा नदीत. तिथनं आर्ध्या कोसावर खालच्या गावच्या बाया पानी भरत्यात. तिथं आपल्या ल्येकी कमी दिल्यात, म्हनून आपल्याला कुनी सांगत न्हाई."

टाळ्या पडल्या न्हाईत. माईकवाल्यानं माईक बंद केला. सरपंच माझ्या कानात म्हनले, "ह्या म्हाताऱ्याला आता घरी बसायला काय हरकत हाय?"

तात्या पुढच्या उन्हाळ्यात गेले. झोपंतच गेले. आमच्या गटारीचं पानी जिरवायचा खड्डा त्यांच्या मागं झाला, तो खालच्या गावच्या बायांनी आमच्या पंचायतीत येऊन करायला लावला. त्या बाया आमच्या दारात कशा आल्या, ते मला आन बायकोलाच ठावं हाय. आता सुनेला बी ठावं झालं.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात आले. म्हनले, "गुलाबराव, लूना हाय का?" मी म्हनलो, "सरपंच पोराला देऊ देनार न्हाईत." म्हनले, "मंग चालत जाऊ." चालत गेलो, वढ्याच्या कडंकडंनं. गुडघ्याला त्रास व्हता त्यांना, पन थांबले न्हाईत. खालच्या गावाच्या पानवठ्यावर येक बाई घागर भरत व्हती. आमाला बघून तिनं पदर सारखा केला.

"कोन गावचं पावणं?"

मी लाजंनं मान खाली घातली. तात्या म्हनले, "आमी वरच्या गावचे, बाई. आमच्या गटारीचं तुमच्याकडं काय व्हतं, ते ऐकायला आलोय."

बाई आमच्याकडं बघतच ऱ्हायली. तिला वाटलं असनार, थट्टा चाललीया. मंग तिनं भरलेली घागर खाली ठिवली आन पाठीमागं वळून हाक मारली, "ये पारू, त्या समद्यांना बलीव गं. वरची आली हायती."

चारी बाजूनं बाया यायला लागल्या. मी दोन पावलं मागं सरलो. तात्या तिथंच येका दगडावर टेकले, सदऱ्याची बाही वर केली आन मला म्हनले, "बसा गुलाबराव. ह्यांना टाइम लागंल."